रेतीबंदरावरचं बिऱ्हाड

शनिवार, १५ नोव्हेंबर

नवी वही. जुन्या वह्या कुठल्या खोक्यात गेल्या देव जाणे. टेम्पोवाल्यानं दिसेल त्या खोक्यावर 'किचन' लिहून ठेवलंय.

नेरूळचं घर आज रिकामं केलं. बिल्डिंग पाडून नवी होणार, तोवर आम्ही द्रोणागिरीला भाड्याच्या घरात. पण तिथला आधीचा भाडेकरू अजून हलेना आणि रंगही व्हायचाय. मी म्हटलं, आठ-दहा दिवस कुणाकडे तरी काढू. तर पार्थ मेलबर्नहून फोनवर, "बाबा, कुणाच्या घरी अवघडून राहू नका. हॉटेल बुक केलंय दोन आठवडे."

"अरे, आपण काय फिरायला निघालोय?"

"आईला विचारलंय मी."

पोरानं आईला विचारलं आणि बापाला सांगितलं. असो.

हॉटेल कुठे, तर रेतीबंदरावर. ज्या धक्क्यावर रेती उपसायच्या पंपांच्या जळक्या मोटारी उतरवायला मी पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपातून टेम्पो घेऊन यायचो, जिथे चहासुद्धा दाताखाली करकरायचा, तिथे आता काचेचे दरवाजे, पाण्यात सोडलेली झाडं आणि भिंतीवर गंजका नांगर. नांगर मुद्दाम गंजका ठेवलाय म्हणे. आमच्या वेळी तो फुकट गंजत होता.

खोली सातव्या मजल्यावर. माणसं दोन, उशा पंगतीला पुरतील एवढ्या. कॉफीच्या मशीनशेजारी रुमाल अंथरून देव मांडले. खंडोबाचा टाक, बाळकृष्ण, सुचित्राच्या आईनं लग्नात दिलेली अन्नपूर्णा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं स्टीलच्या डब्यात.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पहाटे उठलो. घरी असतो तर एव्हाना चहा झाला असता. सुचित्रा जागी होती, पण छताकडे बघत पडून होती.

"चहा?" मी म्हटलं.

"फोन उचला आणि नऊ दाबा."

मी नऊ दाबला. चहा आला, कपबशी टोपी घातल्यासारखी झाकलेली. चव म्हणाल तर गरम पाण्याला सुतक आल्यासारखी. सुचित्रानं मात्र दोन्ही हातांनी कप धरून खिडकीपाशी उभं राहून प्यायला. सावकाश. तिला इतका सावकाश चहा पिताना मी पाहिल्याचं आठवत नाही. बरं नाही की काय, म्हणून कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

नाश्त्याला इतके पदार्थ की माणूस बघूनच दमतो. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल जाई म्हणतात. आज तिसरा दिवस.

बुधवार, १९ नोव्हेंबर

करमत नाही. खालून वर, वरून खाली. कुठल्याशा पंख्याचं बेअरिंग कुरकुरतंय, हात शिवशिवतात, पण पान्हा खोक्यात आणि खोकं गोदामात. लॉबीत बसलो तर दर पाच मिनिटांनी कुणीतरी वाकून विचारतं, "सर, एनी हेल्प?" आता मदत काय मागू? म्हटलं, एखादं काम द्या. ते हसले. त्यांना गंमत वाटली.

सुचित्राचं बरं चाललंय. सकाळी पाण्यातला व्यायाम असतो बायकांचा, तिथे जाते. पंजाबी ड्रेससकट उतरते म्हणे. तिथे दमयंतीबाई म्हणून एक ओळख झालीय. निवृत्त नर्स, नवरा गेलेला, पनवेलजवळ राहतात. त्या हॉटेलात उतरलेल्या नाहीत, फक्त व्यायामापुरत्या येतात. दोघी तासन्तास धक्क्यावर बसून बोलतात. एवढं काय बोलण्यासारखं असतं? माझ्याशी तर "बाजारातून काय आणू" नि "काय संपलंय" एवढंच असायचं, आणि आता तेही नाही.

एक चांगली गोष्ट. तिच्या उजव्या अंगठ्याची सूज उतरलीय. वर्षभर लेप लावले, तेल चोळलं, चिंधी बांधून फिरायची, काही फरक नव्हता. इथे चार दिवसांत अंगठा मोकळा. खाडीचं वारं मानवलं तिला. नेरूळला खाडी तशी जवळच होती, पण आमच्या खिडक्या पलीकडच्या बाजूला होत्या.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण वहीपासून काय लपवायचं.

खंडोबाचं नवरात्र आजपासून. चंपाषष्ठीपर्यंत अखंड दिवा लागतो. मी तेलवात काढली, तर राजवर्धन म्हणून इथले मॅनेजर आहेत, ते स्वतः वर आले. "आजोबा, खोलीत ज्योत नाही चालत, अलार्म वाजतो." आणि अगदी अदबीनं बॅटरीवर चालणारा दिवा पुढे केला, खोटी ज्योत हलणारा. उभा जन्म मोटारी वाइंड करण्यात, तांब्याची तार गुंडाळण्यात गेला माझा, विजेला हळदकुंकू फक्त दसऱ्याला वाहिलं. आता खंडोबासमोर बॅटरी. म्हटलं, देवा, सांभाळून घे, तूही आमच्यासारखा परक्या घरी आहेस.

मग देव पुसायला घेतले, तर अन्नपूर्णा नाही.

रुमाल झाडला. मशीनमागे बघितलं. बिछान्याखाली वाकलो. सुचित्रा व्यायामाला गेलेली. सकाळी खोली झाडायला रुतिका येऊन गेली होती, ही दिवाळे गावची पोरगी, हसतमुख. माझं डोकं फिरलं. खाली फोन लावला आणि म्हणालो, "खोलीतून देव गेलाय."

त्यांनी तिला वर आणलं. राजवर्धन आणि एक सिक्युरिटीची बाई. रुतिकाची पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, कंगवा, गजऱ्याचा दोरा. ती माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही.

"आजोबा, आमचे घरी पन अन्नपूर्णा हाय. दुसऱ्याची नेऊन मी कुठं ठेवू?"

तेवढ्यात सुचित्रा आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल. टेबलावर उलटी केलेली पिशवी बघितली. कपाटातली तिजोरी आहे ना, नंबर दाबायची, ती उघडली. आत हातरुमालात गुंडाळलेली अन्नपूर्णा.

"मी ठेवली होती. कालच."

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"माझ्या आईनं दिलेली आहे. म्हटलं, तिलाही थोडी रजा." आणि रुतिकाची पिशवी भरायला खाली बसली.

चोराचिलटांची भीती वाटली असेल तिला, म्हणून ठेवली असेल. पण रजा काय. बायकांची थट्टा कधी कुठल्या वेळी येईल सांगता येत नाही.

मी रुतिकासमोर हात जोडले. ती म्हणाली, "राहूदे आजोबा," पण खोली आवरायला दुपारी दुसरी बाई आली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

राजवर्धनना सांगून आलो की चूक माझी, पोरीच्या नावावर काही लागता कामा नये. ते म्हणाले, "विषय संपला सर." त्यांचा संपला. मी जिन्यात उभा राहून रुतिकाची वाट बघितली आणि तिलाही पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "आजीला सांगा, पोहायला आल्या तं बऱ्या दिसतात. पयले दिवशी आल्या तवा वाटलं आजारी हायेत."

आजारी? सुचित्रा? मी तर कधी पाहिली नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

सुचित्रा दमयंतीबाईंबरोबर पनवेलकडे फिरायला गेली, सकाळची गेली ती दिवेलागणीला आली. मी एकट्यानं जेवलो. वाढणाऱ्यानं विचारलं, "मॅडम नाही आल्या?" घरी असं कुणी विचारत नाही, कारण घरी मॅडम कुठे जात नाहीत.

आल्यावर विचारलं, काय बघितलं? म्हणाली, "दमयंतीताईंची खोली. छान आहे. बाग आहे, खाली जेवणाची सोय आहे. वय झालेलीच सगळी माणसं राहतात तिथे." मी म्हटलं, बरं आहे, एकट्या बाईला सोबत मिळते. ती म्हणाली, "दुकट्याही आहेत." म्हणजे नवराबायकोही राहतात असं म्हणायचं असेल तिला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

द्रोणागिरीची किल्ली मिळाली. रंग वाळला, गॅस जोडला. मी खूश होऊन वर आलो.

"उद्या सामान हलवतो. बुधवारी चंपाषष्ठी, तू सकाळी वांगी भाजायला टाकलीस की अकरापर्यंत नैवेद्य होईल."

"मी येत नाही," सुचित्रा म्हणाली. खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन.

"म्हणजे थेट बुधवारी येतेस?"

"बुकिंग शनिवारपर्यंत आहे."

"अगं, पण भरीत-रोडगा?"

"तो तुमच्या घराण्याचा देव. वांगी मात्र दरवर्षी मी भाजली."

मला वाटलं रुतिकाच्या प्रकरणाचा राग असेल. तसं विचारलं.

"रागावले नाही हो. रागावले असते तर सोपं होतं, तुम्ही भजी आणली असती नि समजूत काढली असती. मला नको झालंय."

"काय नको झालंय?"

"उद्या काय करायचं, हा विचार. रात्री भांडी पुसताना तो विचार, सकाळी दात घासताना तोच. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की डोक्यात काही शिजत नाहीये. इतकं शांत वाटलं की मी घाबरले."

मी म्हटलं, मग बाई लावू स्वयंपाकाला.

"तिला काय करायचं ते कोण सांगणार?"

मी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग ती म्हणाली, "दमयंतीताईंच्या तिथे एक खोली रिकामी होतेय. शनिवारपर्यंत कळवते म्हटलंय."

"एक खोली? आणि मी?"

"तुम्हीही येऊ शकता. पण तुम्हाला तिथे करमायचं नाही, तुम्हाला तुमचं घर लागतं." मग म्हणाली, "मला कळतच नाही अजून. तुमच्यावर माझं काही म्हणणं नाही. तुम्ही वाईट नवरा नाही."

वाईट नवरा नाही. उभ्या संसाराची एवढीच पावती? खिडकीतून लाँच निघालेली दिसत होती. माणसं हात हलवत होती. कुणाला हलवत होती, ते दिसलं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

देव डब्यात घालून एकटा द्रोणागिरीला आलो. अन्नपूर्णा मागितली, म्हणाली ती माझ्याजवळ राहील. मी डबा बंद केला.

घर मोठं आहे, आवाज घुमतो. कंटेनरचे ट्रक जातात तेव्हा खिडकी थरथरते. 'किचन' लिहिलेली खोकी फोडत बसलो. एकात माझे पान्हे, एकात सुचित्राच्या साड्या, एकात चपला. शेवटी तवा सापडला.

मी मनात म्हटलं, आपला हात जगन्नाथ. ज्यानं दहा हॉर्सपॉवरची मोटार डोळे झाकून वाइंड केली, त्याला रोडगा काय जड. बाजरीचं पीठ आणलं, वांगी, कांद्याची पात आणली. सराव म्हणून संध्याकाळी एक करून पाहिला. मळताना पीठ बोटांना धरून बसतं, ताटाला धरतं, एकमेकाला मात्र धरत नाही. कडा फाटल्या. भाजला तर वरून कोळसा, आतून खीर.

पुन्हा मळला. पुन्हा. आता वही लिहिताना अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागलाय. तेल चोळलं. ठणक्याची जागा ओळखीची वाटली, आणि चोळायचं थांबवलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर. चंपाषष्ठी

सकाळी सुचित्राला फोन केला.

"पीठ फाटतंय."

"पाणी कढत घेता का?"

"कोमट."

"कढत घ्या. आणि थोडं थोडं. एकदम ओतू नका, तुम्हाला सगळं एकदम करायची घाई." मागे पाण्याचा आवाज, बायकांचं हसणं. "जाते मी, क्लास सुरू झाला."

तेवढंच. पण कढत पाण्यानं पीठ ऐकायला लागलं. रोडगा झाला, गोल नाही, आपल्या महाराष्ट्राच्या नकाशासारखा झाला, पण शिजला. वांगं गॅसवर भाजताना साल हाताला चिकटली, बोट पोळलं. भरतात मीठ दोनदा पडलं असावं.

तळी भरायला पाच माणसं लागतात. मी एक. खाली वॉचमन किसन, परभणीकडचा, त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, विचारता काय, आमचं तर कुळदैवतच," आणि टोपी काढून आला. समोरच्या दारात स्वानंद, बंदरात कस्टमचं काम करणारा पोरगेला गृहस्थ, नुकतं लग्न झालेला, तो लॅपटॉप बंद करून आला. उरलेली खोकी घेऊन टेम्पोवाले दोघे नेमके आले होते, बिहारचे. म्हणाले, "चाचा, बोलना क्या है?" मी म्हटलं, बोलायचं काही नाही, आम्ही ओरडलो की ओरडायचं.

ताटात भंडारा, खोबरं, पानसुपारी. पाच हातांनी ताट उचललं. येळकोट येळकोट, मी म्हटलं, आणि जय मल्हार असं दणकून उठलं की रिकाम्या घरानं ते पुन्हा एकदा म्हटलं. बिहारवाल्यांचा आवाज सगळ्यात मोठा.

भंडारा कपाळाला लावत होतो, तर उघड्या दारात सुचित्रा. हातात छोटी पर्स, पायात हॉटेलातल्या सपाता. रिक्षानं आली होती.

किसन बाजूला झाला. "या आई, आत या."

ती आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहून घराकडे पाहिलं, भिंतींकडे, ओट्याकडे. ओट्यावर काय अवस्था होती ते न लिहिलेलं बरं.

"जेवायला वाढता का?" तिनं विचारलं. "की माणसं मोजून केलंय?"

मी पान वाढलं. ती जमिनीवर बसली, बाकीच्यांच्या ओळीत. पहिला घास घेतला, आणि मी तोंडाकडे बघत राहिलो, परीक्षेचा निकाल लागावा तसा.

"मीठ," ती म्हणाली.

"कळलं मला."

"आणि पात घालायची राहिली."

"ती पिशवीतच आहे."

"हं." आणि सगळं संपवलं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. स्वानंद म्हणाला, "काकू, काका मस्त करतात हो, रोजचं तेच करतात का?" तर सुचित्रा हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला. टेम्पोवाल्यानं पाणी दिलं.

माणसं गेल्यावर ती उठली. मला वाटलं ओट्याकडे जाईल. सवयीनं एक पाऊल तिकडे पडलंही, मी बघितलं. मग तिनं आपलं ताट जागीच ठेवलं, हात धुतले आणि पर्स उचलली.

"चाललीस?"

"चार वाजता दमयंतीताई येणार आहेत."

"खोलीचं विचारायला?"

"हो."

मी म्हटलं, "तुला तिथे बरं वाटणार असेल तर जा. मी येत जाईन दर रविवारी. पण एक सांगतो. उद्या काय करायचं, हा विचार काल मी रात्रभर केला. एका दिवसाचा. माझं डोकं फुटायची वेळ आली."

ती सपाता घालायच्या म्हणून वाकली होती, ती तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली. माझ्या कपाळावरचा भंडारा डोळ्यात उतरत होता, तो पदरानं पुसला.

"शनिवारी मला घ्यायला येऊ नका," ती म्हणाली.

"मग कधी?"

"दुपारी खिचडी टाका. मी माझी येईन. रविवारी काय करायचं ते मला विचारायचं नाही, सोमवारी विचारायचं नाही. विचारलंत की त्या दिवशी पनवेल. ताईंना तसं सांगून ठेवते, खोली लगेच कुणाला देऊ नका म्हणून."

रिक्षा वळेपर्यंत मी गॅलरीत उभा होतो.

भांडी घासली. आता लिहितोय. खिचडीला तांदळाच्या किती पट पाणी घालतात, ते मला ठाऊक नाही. फोन हातात घेतला होता, पण ठेवून दिला. स्वानंदच्या बायकोला विचारावं, तर तीही बिचारी नवीनच. उद्या किसनला विचारतो.